नापास खोगीर

१९९४ सालची गोष्ट. तुळशीची लग्नं लागून गेली होती, सकाळी शेकोटी लागत होती आणि वर्ध्याला स्टेशनसमोरच्या कडुनिंबाखाली आम्ही चार तांगेवाले रिकामे बसलो होतो. ऑटो आले होते. सवारी स्टेशनाबाहेर यायची, घोडीच्या मानेवरून हात फिरवायची आणि ऑटोत जाऊन बसायची.

किस्से कोणी मुद्दाम जमवत नाही. अंग घासताना खराऱ्यात घोड्याचे केस जमतात तसे ते जमतात. रोज थोडे. एक दिवस खरारा झटकावा तर मूठभर निघतात. मी तिसरीपर्यंत शिकलो, तेव्हा लांबण लावणार नाही. झालं तसं सांगतो.

चौघांत मोठा रहीमचाचा. त्याची घोडी शबनम, पांढरी. दुसरा बबन, तोंडाचा फटकळ, हाताचा आळशी. त्याच्या घोडीचं नाव बिजली, पण तिच्यात करंट नव्हता. तिसरा शालिक, मूळचा समुद्रपूरचा. चौथा मी, संपत. माझी घोडी लाली.

त्या सकाळी चाचा म्हणाला, "तांगा गया तो गया. घोडी तो है ना? लगन का सीझन है. बरात में चलो."

तांगे विकले. घोड्या ठेवल्या. अडचण एकच होती. तांग्याच्या घोडीला साज लागतो, नवरदेवाच्या घोडीला खोगीर लागतं. साजातलं आम्हाला सगळं कळत होतं. खोगिरातलं काहीच नाही. आणि आम्हाला झेपत होतं ते बाजारातलं सगळ्यात स्वस्त खोगीर.

*

पहिली वरात बबनला मिळाली.

तांग्याच्या घोडीच्या पोटाखालचा पट्टा ढिला ठेवतात. ओढ छातीवर येते, पोट आवळून काही फायदा नसतो. हे आमच्या हातात इतकं मुरलेलं होतं की बबनने खोगिराचा तंगही तसाच बांधला. पोट आणि पट्टा यांच्यातून मूठ जावी इतका ढिला. वर नवरदेव बसवला. बँड सुरू झाला.

चौकात नवरदेव उजवीकडे वाकायला लागला. लोकांना वाटलं, कोणाच्या तरी पाया पडतो आहे. एक म्हातारी आत्या आशीर्वाद द्यायला पुढेही आली. पण नवरदेव वाकतच गेला. आत्याच्या पायापर्यंत पोचला, तरी थांबेना. शेवटी खोगीर घोडीच्या पोटाखाली आणि नवरदेव बाशिंगासकट खोगिराला धरून लोंबकळत होता.

बिजली जागची हलली नाही. करंट नव्हता तेच बरं झालं.

बबन खाली वाकला आणि म्हणाला, "घाबरू नका नवरदेव. खाली बी आपलीच घोडी हाये."

*

दुसऱ्या दिवशी चाचाने कडुनिंबाखाली सगळ्यांना बसवलं. त्याने कायदा केला. तो आम्ही पुढे दहा वर्षं पाळला.

आपलं खोगीर आपण पास करायचं नाही. स्वस्तात मिळालं की माणूस त्याच्या प्रेमात पडतो, त्याला खोट दिसत नाही. म्हणून पास करायला दुसरा लागेल. नापास मात्र कोणीही करावं, स्वतःचंसुद्धा. नापास झालेलं खोगीर घोडीवर चढणार नाही, त्यावर वाद नाही.

आणि शेवटचं. पास केलेल्या खोगिराने घोडीची पाठ लागली, म्हणजे सोलली किंवा सुजली, तर पास करणाऱ्याने स्वतःची घोडी द्यायची. तिची पाठ बरी होईपर्यंत तिच्या वराती ह्याची घोडी करेल.

चाचा म्हणाला, "पाठ के बदले पाठ. पैसा नहीं चलेगा. पैसे से घोडी को क्या मतलब?"

बबनने विचारलं, "अन ज्याची घोडीच नसन तो?"

"तो मुंह बंद रखे," चाचा म्हणाला.

हळूहळू पास-नापासचं काम माझ्याकडेच आलं. मला हसणं कमी येतं आणि दया त्याहून कमी, म्हणून असेल. बबनने माझं नाव 'आरटीओ' ठेवलं. बस स्टँडपर्यंत ते नाव पोचलं.

*

खोगिरं मिळायची गुलाबशेठच्या दुकानात. दोर, घुंगरू, बैलांच्या झुली आणि मागच्या खोलीत पोत्यात भरून उत्तरेकडून आलेली खोगिरं. शेठचं म्हणणं, स्वस्त म्हणजे वाईट नव्हे. ते बरोबर होतं. पोतंभर स्वस्त खोगिरांत एखादं चांगलं निघतं. ते एखादं कोणतं, एवढाच प्रश्न.

मी आधी खोगीर उलटं करायचो. मधली नळी सरळ आहे का, एका डोळ्याने पाहायचो. ती नळी म्हणजे घोडीच्या कण्याची जागा. तिथे काहीही टेकता कामा नये. मग पुढचं टोक पोटाला लावून मागचं टोक स्वतःकडे ओढायचो. आतला लाकडी सांगाडा कुरकुरला तर खोगीर खाली. मग वास. चामड्याचा वास येतो, रेक्झिनची घाण येते. मग पट्ट्यावर पाय देऊन दोन्ही हातांनी ओढायचं. तुटला तर शेठचा, टिकला तर आपला.

पहिल्या दिवशी शेठ वैतागला. मखमल, आरसे, जरी सगळं वरच्या बाजूला होतं आणि मी ते जमिनीकडे करून बसलो होतो.

"संपतभाऊ, खोगीर वरून पाह्यतात."

"लोकं वरून पाह्यतात शेठ. घोडी खालून पाह्यते."

पुढच्या वेळी मी दुकानाची पायरी चढलो तसा तो आतल्या नोकराला म्हणाला, "आरटीओ आले. सगळी उलटी करून ठेव."

*

एकदा शेठने बबनसाठी एक खोगीर काढलं. लाल, गुबगुबीत. म्हणाला, "गादी आहे गादी. यावर झोपा."

मी हात फिरवला. मला एका जागी काहीतरी लागलं, पण वरून दिसत नव्हतं. घोडी दुकानात नव्हती. मी बबनला म्हणालो, "शर्ट काढ. ओणवा हो."

"काऊन?"

"तुह्या घोडीसाठी घेऊन राह्यलो ना? मग आधी तू."

बबन हातापायांवर ओणवा झाला. मी त्याच्या उघड्या पाठीवर खोगीर ठेवलं आणि शेठला म्हणालो, "बसा." शेठ नाही नाही म्हणत बसला. शेठ वजनदार माणूस. बबन आधी हसत होता, मग ओरडला आणि शेठसकट उभा राहिला. पाठीवर रक्ताचा ठिपका होता. अस्तराच्या आत खिळा आडवा राहिला होता.

बबन शेठला म्हणाला, "शेठ, तुमचं वजन चालते. खिया नाई चालत."

संध्याकाळी त्याची बायको वच्छला हळद लावत होती. मी चौकशीला गेलो. मला वाटलं आता चार शब्द ऐकावे लागणार. ती म्हणाली, "भाऊजी, आता दर खोगीर याच्याच पाठीवर पाहात जा. लग्नापासून पयल्यांदा कामी आला."

*

शालिक तांगा विकून समुद्रपूरला परत गेला होता. घोडी तिकडेच. पण खोगीर पास करायला तो आमच्याकडेच यायचा. एकदा त्याला तिकडच्या बाजारात एक मिळालं. ते घेऊन तो एसटीत चढला.

गाडी खच्चून भरलेली. शालिकने खोगीर ड्रायव्हरशेजारी इंजिनच्या झाकणावर ठेवलं आणि वर बसला. कंडक्टर आला.

"हे काय हाये?"

"सीट."

"अन घोडं?"

"थे पायी येऊन राह्यलं. त्याच्यापाशी पास नाई."

सगळी गाडी हसली. कंडक्टरही हसला आणि पुढे गेला. मे महिना होता. इंजिन तापलं, झाकण तापलं. वर्धा आलं तेव्हा शालिक उतरायला उठला. तो उठला, खोगीर उठलं नाही. ओढलं तर वरचा सांगाडा हातात आला आणि खालचा भाग झाकणाला चिकटून राहिला. दुकानदाराने अस्सल चामडं म्हणून दिलेलं रेक्झिन भज्याच्या पिठासारखं पसरलं होतं.

ड्रायव्हर उलथन्यासारखा पाना घेऊन खरवडत बसला. शालिक उरलेलं खोगीर काखेत धरून कडुनिंबाखाली आला आणि म्हणाला, "भाऊ, पाहून देता का?"

मी म्हणालो, "एसटीनं नापास केलं. आता माह्यापाशी काय आणतं?"

*

आता चाचाचं.

१९९६ चा वैशाख. मी एक खोगीर आणलं. माझंच, तेव्हा मी पास करू शकत नव्हतो. चाचाने केलं. चाचाची बोटं डोळ्यांपेक्षा हुशार होती. त्याने नळीतून हात फिरवला, सांगाडा ओढला, अस्तर चाचपलं आणि म्हणाला, "पास."

एकाच वरातीत लालीच्या खांद्यामागच्या उंचवट्यावर लिंबाएवढी सूज आली. मी खोगीर उसवलं. आतल्या सांगाड्याची डावी फळी उजवीपेक्षा बोटभर अरुंद होती. वर इतकी भर्ती होती की कोणाच्याही बोटाला कळलं नसतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी चाचा शबनमला घेऊन माझ्या दारात उभा. लगाम पुढे केला.

"ये ले. पाठ के बदले पाठ."

चाचाचं घर त्याच एका घोडीवर चालायचं. भर सीझन. घरात सात माणसं. मी म्हणालो, "लागत नाई. माह्यापाशी वराती नाई आता." होत्या. मी त्या बबनला देऊन टाकल्या.

चाचाला ते कळलं. वर्ध्यात काय लपतं? त्याने कडुनिंबाखाली सगळ्यांसमोर विचारलं, "संपत, मेरी जबान इतनी सस्ती है क्या?"

लाली महिन्याभरात बरी झाली. कायदा तिथेच अडकला.

चाचाचा एक नेम होता. लग्नाचा सीझन संपला, पाऊस लागायच्या आत तो शबनमला घेऊन पायी गिरडला जायचा. खोगीर नाही, झूल नाही, नुसती घोडी. टेकडी चढून दर्ग्यात डोकं टेकायचा, घोडीच्या वतीने आभार मानायचा आणि परत यायचा. त्या वर्षी गेला नाही. पुढच्या वर्षीही नाही. वच्छलाने विचारलं तर म्हणाला, "बेटी, किसी के घोडी की पाठ मेरे सर पे है. कौन सा मुंह लेके ऊपर चढूं?"

*

त्यानंतर कोणताही विषय निघो, चाचा त्याच जागी येऊन थांबायचा.

एकदा बबनच्या एका नव्या खोगिरात भर्ती एका बाजूला गोळा झाली होती. मी ते कडुनिंबाखाली उसवलं. लोकर असेल, काथ्या असेल, गवत असेल असं वाटलं. आतून निवडणुकीची फडकी निघाली. हात जोडलेला एक उमेदवार, अर्धा. त्याचा दुसरा अर्धा दुसऱ्या बाजूला. मध्ये कोणत्या तरी दुसऱ्याच पक्षाचा झेंडा.

बबन म्हणाला, "म्हणूनच बिजली कधी इकडे वढते, कधी तिकडे."

शालिक म्हणाला, "निवडून आला असन का हा?"

चाचा म्हणाला, "आया होता तो नीचे क्यूं दबा रहता?" सगळे हसले. मग चाचा माझ्याकडे वळला. "उसका छोड. मेरी पाठ कब लेता?"

*

एकदा सावंगीकडचं एक लग्न आलं. नवरदेव तिथल्या मोठ्या दवाखान्यात नोकरीला. लालीचं बुकिंग. मी नेहमीप्रमाणे आधी घरी गेलो. घोडी, खोगीर आणि माणूस तिघांचं जमलं पाहिजे, नाहीतर पास झालेलं खोगीरही नापास होतं.

नवरदेव बाहेर आला. दारातून एका वेळी एकच मावेल असा माणूस. स्वभावाने गोड.

मी विचारलं, "वजन किती?"

त्याची आई भडकली. "अहो, लग्नात हुंडा विचारतात लोकं. वजन काहाले विचारता?"

"हुंडा घोडीवर बसत नाई बाई."

नवरदेव मात्र हसायला लागला. म्हणाला, "काका, खरं सांगा. मी बसलो तर घोडीला त्रास होईल?"

मी लालीच्या पाठीवर चुलीतली राख भुरभुरली, खोगीर ठेवलं आणि त्याला हळूच बसवलं. थोडं चालवलं. उतरवलं. खोगीर उचललं तर दोन्ही बाजूंची राख दबलेली होतीच, पण मधे कण्यावरही स्वच्छ पुसलेली रेघ. म्हणजे खोगीर दबून कण्याला टेकत होतं. नवरदेवाने ती रेघ बराच वेळ पाहिली. मग आईला म्हणाला, "आई, मी पायी जाईन. घोडी सोबत येईल."

तशीच वरात निघाली. पुढे सजवलेली रिकामी लाली, शेजारी तिच्या मानेवर हात ठेवून चालणारा नवरदेव. लोक विचारत होते, घोडीवर कोण बसणार आहे? बबन सांगत होता, "नवरी. जाताना."

लग्नाच्या जेवणात चाचा माझ्या पंगतीला. घास तोंडात आणि म्हणतो, "लाली की पाठ तो बच गई आज. नहीं तो मैं शबनम लाने वाला था."

*

एकदा मी प्रयत्न केला होता. चाचाला म्हणालो, "उद्या एक वरात हाये. शबनम पाठवजो."

चाचाने डोळे बारीक केले. "लाली को क्या हुआ?"

"काई नाई."

"जीन टूटी? खोगीर?"

"नाई."

"फिर काय के लिये?"

मला खोटं पटकन सुचत नाही. चाचा म्हणाला, "खैरात मत कर, संपत. तेरी घोडी जा सकती है तो मेरी नहीं जायेगी. जिस दिन तेरी नहीं जा सकती, उस दिन बोल."

त्यानंतर मी तो विषय काढला नाही. तो मात्र काढतच राहिला. वर्षं गेली. चाचाची दाढी शबनमपेक्षा पांढरी झाली. गिरडची वाट तशीच राहिली. पोरांनी त्याला बसने जाऊन ये म्हटलं, तर म्हणाला, घोडीचे आभार माणसाने बसमध्ये बसून मानायचे का?

*

२००४ चा उन्हाळा. माझ्या सुजाताचं लग्न ठरलं.

मुलगा हिंगणघाटचा, शाळेत शिक्षक. माझा बाप कधी घोड्यावर बसला नाही. त्या काळी आम्हाला कोणी बसू दिलं नसतं. मी तांग्यावर बसलो, तोही हाकायला. सुजाता लहान असल्यापासून सांगायची, माझा नवरा आपल्या लालीवर येईल. भाकरीचा पहिला तुकडा ती लालीला द्यायची. त्यामुळे लग्नात काय काय असेल त्याची चर्चा घरात खूप झाली, पण लालीची झाली नाही. ते ठरलेलंच होतं.

खोगीरही तसंच होतं. तीन वर्षांपूर्वी गुलाबशेठच्या पोत्यातून निघालेलं. स्वस्तच, पण सांगाडा दगडासारखा, भर्ती लोकरीची, नळी सरळ. शालिकने पास केलं, नंतर चाचानेही बोटं फिरवली आणि मान हलवली. पाठ लागली की तिथे घोडीला पांढरे केस येतात. तीन सीझनमध्ये त्या खोगिराने लालीच्या पाठीवर एक केस पांढरा केला नव्हता.

लग्नाच्या दिवशी सकाळी सगळे अंगणात जमले. विहाराशेजारच्या मैदानात मांडव होता. हिंगणघाटची मंडळी शाळेत उतरली होती, तिथून वरात निघायची होती. बबन लालीला खरारा करत होता. त्याने नुकताच ऑटो घेतला होता. बिजली म्हातारी होऊन त्याच्या परसात नुसती खात होती, पण बबन लग्नाला आला तो खरारा घेऊनच. वच्छला लालीच्या आयाळीत गोंडे विणत होती. चाचा खाटेवर चहा पीत होता.

मी खोगीर आणलं. उलटं केलं. नळीतून पाहिलं. पुढचं टोक पोटाला लावलं आणि मागचं ओढलं. अस्तरावर हात फिरवला. पुन्हा फिरवला.

म्हणालो, "नापास."

बबनचा खरारा थांबला. "काय?"

"नापास हाये. सांगाडा बोलून राह्यला."

"भाऊ, मले तर काई आयकू नाई आलं."

"तुले कधी आयकू आलं?"

शालिक पुढे आला. त्याने पास केलेलं खोगीर. त्याने हात पुढे केला. मी खोगीर दिलं नाही. तो माझ्याकडे पाहत राहिला आणि हात मागे घेतला. नापासवर वाद नसतो.

बबन म्हणाला, "बिजलीचं खोगीर पडलं हाये घरी. आनतो."

"बिजली रुंद हाये. ते लालीच्या पाठीवर डुलन."

"मंग शालिकचं?"

"एसटीवालं?" वच्छला म्हणाली. लोक हसले, पण थोडेच.

सुजाताची आई दारात आली. तिने विचारलं, "आता? वरात निघायची हाये. पोरीनं इतके वर्स..." तिने वाक्य पुरं केलं नाही. तिच्यामागे सुजाता उभी होती, पांढऱ्या साडीत. ती माझ्या हातातल्या खोगिराकडे पाहत होती. ते खोगीर तिने माझ्याइतकंच हाताळलं होतं.

मी खाटेकडे वळलो.

"चाचा, माह्यी घोडी जाऊ शकत नाई."

चाचाने कप खाली ठेवला. जवळ आला. खोगिराकडे पाहिलं, हात लावला नाही. मग माझ्याकडे पाहिलं. बराच वेळ पाहिलं. मी जसा उभा असतो तसा उभा होतो.

"सोच ले," तो म्हणाला. "बेटी की शादी है."

"म्हणूनच म्हनतो. पाठ पाहिजे. आजच."

चाचा बाहेर गेला. म्हातारा इतका भरभर चालताना मी कधी पाहिला नव्हता. सुजाता तेव्हा पहिल्यांदा बोलली. म्हणाली, "बाबा, शबनम पांढरी आहे. फोटोत छान दिसेल." आणि आत गेली.

चाचा शबनमला घेऊन आला तेव्हा तिला आंघोळ घातलेली होती. त्याने डोक्यावर नवा रुमाल बांधला होता. खोगीर त्याचं जुनंच होतं, पण पट्ट्यांना तेल लावलेलं. घोडी माझ्यासमोर उभी केली आणि म्हणाला, "आरटीओ साब."

मी खोगीर उतरवलं. उलटं केलं. नळी पाहिली. सांगाडा ओढला. पट्ट्यावर पाय देऊन ओढलं. शबनमच्या पाठीवर राख टाकली, खोगीर ठेवलं, बबनला बसवलं, चालवलं, उतरवलं. खोगीर उचललं. कण्यावरची राख जशीच्या तशी होती. कोणी घाई केली नाही.

"पास."

वरात शाळेपासून निघाली. लगाम चाचाने कोणाला दिला नाही. त्याची पोरं म्हणाली, अब्बा, ऊन आहे, आम्ही धरतो. त्याने ऐकलं नाही. मांडवाच्या दारात जावई उतरला. चाचाने तंग सोडला, खोगीर काढलं, शबनमच्या पाठीवरून तळहात फिरवला, मागून पुढे, पुढून मागे. मग माझ्यासमोर येऊन उभा राहिला.

"पाठ के बदले पाठ?"

"फिटली," मी म्हणालो.

बबन माझ्या शेजारी होता. जेवण झाल्यावर तो माझ्या अंगणात गेला, भिंतीला टेकवलेलं माझं खोगीर उचललं, पुढचं टोक पोटाला लावलं आणि मागचं ओढलं. एकदा. दोनदा. कान लावून. मग परत आला आणि पान लावत म्हणाला, "भाऊ, तुमचं खोगीर..."

"नापास म्हटलं ना."

"मंग मी नेऊ का? तसं बी नापास हाये."

"ठेव तिथंच."

दुसऱ्या दिवशी उजाडताना चाचा गिरडच्या रस्त्याला लागला. मी लालीला पाणी पाजत होतो. तो शबनमला धरून समोरून गेला. घोडीच्या पाठीवर काही नव्हतं.